घरबसल्या पायपीट

माणसाला आयुष्यात दोनच जण चालायला शिकवतात. पहिल्या वर्षी आई आणि साठीनंतर डॉक्टर. फरक इतकाच, की पहिले पाऊल पडले म्हणून आई टाळ्या वाजवते आणि डॉक्टर बिल देतात. मला मात्र या दुसऱ्या शिकवणीची गरज नव्हती. गेली एकोणीस वर्षे मी रोज सकाळी आमच्या घरामागच्या वेताळ टेकडीवर जात आलो आहे. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पोट सुटले म्हणून जाऊ लागलो. पोट काही गेले नाही, पण टेकडीची सवय जडली.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी चढावर छातीत जड वाटले. 'रात्रीचे भरीत नडले' असे म्हणून मी पुढे निघणार, तोच रोज समोरून उतरणारे एक गृहस्थ थांबले. त्यांचे नाव मला आजही ठाऊक नाही. बारा महिने माकडटोपी जवळ बाळगतात म्हणून आम्ही त्यांना माकडटोपी म्हणतो. उन्हाळ्यात ती घडी करून खिशात असते, पण असते. एकोणीस वर्षांत आमचे बोलणे "काय, आज उशीर?" यापलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, "खाली बसा आधी. ही तुमची रोजची चाल नाही." मग त्यांनी कुणाला तरी हाक मारली, त्याने आणखी कुणाला मारली, आणि तासाभरात मी इस्पितळाच्या खाटेवर होतो. एक शीर तुंबली होती. तिच्यात स्प्रिंग बसवून डॉक्टरांनी मला परत पाठवले आणि बजावले, "महिन्याभराने चालायला लागा. रोज चाळीस मिनिटं."

आता यातून कुणीही शहाणा माणूस काय निष्कर्ष काढील? टेकडीवर गेलो म्हणून वाचलो. आमच्या घरच्यांनी काढला तो असा, की टेकडीवर गेलो म्हणून झाले!

"बाबा, टेकडी बंद," मँचेस्टरहून आमची लेक फोनच्या पडद्यावरून म्हणाली. "वर काही झालं तर?"

"अगं, झालं की! वर झालं म्हणून तर कळलं. घरात झालं असतं तर तुझ्या आईनं आलं-लिंबू देऊन झोपवलं असतं."

"अहो, त्यात माझं नाव कशाला?" स्वयंपाकघरातून आवाज आला. म्हणजे दोन्ही देशांत मी अल्पमतात.

पंधरा दिवसांनी चार हमाल 'जरा धरा, जरा धरा' करत तिसऱ्या मजल्यावर एक धूड घेऊन आले. ट्रेडमिल! जावईबापूंनी तिकडून ऑर्डर केली होती. शिवाय तिच्या जोडीला त्यांनी एक खास सोय पाठवली होती. तिचे नाव व्हर्च्युअल वॉक. म्हणजे असे, की आपण पट्ट्यावर चालायचे आणि समोरच्या टीव्हीवर इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली एखादी पायवाट सरकत राहायची. कुणीतरी कॅमेरा घेऊन ती वाट आधीच चाललेला असतो. पडद्यावर चढ आला की पट्टा आपोआप पुढून उचलला जातो. पाखरांचे आवाज येतात, पायाखालची खडी वाजते. "बाबा, पुण्यात राहून तुम्ही रोज इंग्लंडमध्ये फिरणार!" जावईबापू म्हणाले. लग्नात हुंडा न घेणारा हा सज्जन माणूस. त्याला तोंडावर काय बोलणार?

यंत्र मागच्या खोलीत बसले. त्या खोलीला एकच मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून टेकडी दिसते. आम्ही फ्लॅट घेतला तो तिच्यासाठीच. बिल्डरने 'हिल व्ह्यू'चे वेगळे पैसे लावले होते आणि मी ते चार वर्षे हप्त्याने फेडले आहेत. पण खिडकीतल्या उजेडाची टीव्हीवर तिरीप येते आणि इंग्लंड दिसत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी हिने जाड पडदा आणून लावला. वाचकहो, माझी सगळी तक्रार या एका पडद्यात आहे. विलायतेतली टेकडी दिसावी म्हणून घरामागची टेकडी झाकायची!

तरी मी प्रामाणिकपणे चाललो. एकवीस दिवस. त्या चालण्याचा अनुभव सांगतो. फितीतला माणूस तरुण असावा. त्याचा वेग ताशी पाच किलोमीटर आणि डॉक्टरांनी मला नेमून दिलेला वेग तीन. त्यामुळे पाय हळू चालतात आणि डोंगर भरभर मागे जातात. एस.टी.च्या खिडकीशी बसून पाय हलवावेत तसे वाटते. इंग्लंडात दर दोन शेतांनंतर एक लाकडी फाटक असते. ते आले की तो गडी थांबतो, कडी काढतो, पलीकडे जातो, कडी लावतो. माझा पट्टा मात्र थांबत नाही. बंद फाटकासमोर मी टपाटप पाय आपटत उभा! घरातल्या बाळाला वाटावे, आजोबांना लघवीची घाई झाली आहे. एकदा मेंढ्या आडव्या आल्या, तर मी सवयीने "हैक" केले. मेंढ्यांनी ढुंकून पाहिले नाही. एक कुत्रे अंगावर आले आणि मी पट्ट्यावर दचकलो. तेव्हा पडता पडता वाचलो. टेकडीवर एकोणीस वर्षांत मला कुत्रे चावले नाही, ते घरात चावता चावता राहिले.

आणि सतराव्या मिनिटाला एक म्हातारा यायचा. डोक्याला चपटी टोपी, हातात काठी. जवळ आला की मान लववून म्हणायचा, "मॉर्निंग." मीही म्हणायचो, "मॉर्निंग." चांगला माणूस वाटला. सात-आठ दिवस आमची अशी ओळख वाढली. मग दोन दिवस मी अंगात कणकण होती म्हणून चाललो नाही. तिसऱ्या दिवशी सतराव्या मिनिटाला म्हातारा आला. त्याच जागी, त्याच सुरात म्हणाला, "मॉर्निंग." "काय, दोन दिवस दिसला नाहीत?" नाही. "तोंड का उतरलंय?" नाही. उद्या मी त्या पट्ट्यावर आडवा झालो तरी तो मान लववून 'मॉर्निंग' म्हणत माझ्या अंगावरून निघून जाईल. त्या क्षणी मला माकडटोपीची अशी काही आठवण आली, की मी यंत्राचे लाल बटण दाबले.

कुणी म्हणेल, अहो, यंत्र आहे ते, त्याच्याकडून माणुसकीची अपेक्षा कशाला? कबूल. पण मग त्या यंत्राचे कूळ तरी पाहा. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी एक चाक काढले. रिकामटेकडे कैदी त्याच्या डोळ्यांत सलत होते. भले मोठे चाक, त्याला पायऱ्या. कैद्याने एका पायरीवर पाय ठेवला की ती खाली जाते, मग दुसरी. दिवसभर जिना चढायचा आणि माडी कधी यायचीच नाही. या चाकाचे नाव ट्रेडमिल! १८२१ साली ते लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात बसले आणि मग गावोगावच्या तुरुंगांनी ते उचलले. काही ठिकाणी त्याने धान्य दळत, काही ठिकाणी ते नुसता वारा दळत असे. १८९५ साली ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकालाही सक्तमजुरीत त्याच्यावर चढवले होते. शेवटी १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ही शिक्षा माणसाला न शोभणारी म्हणून मोडीत निघाली. जी शिक्षा इंग्रजांनी आपल्या दरोडेखोरांना देणे बंद केले, ती माझ्या जावयाने सासऱ्याला प्रेमाने भेट दिली.

आपल्याकडे घाण्याचा बैल आहेच. पण घाण्याच्या बैलाला निदान तेल काढल्याचे पुण्य आहे. आणि त्याच्या डोळ्यांवर झापड का बांधतात? आपण एकाच जागी फिरतो आहोत हे त्याला कळू नये म्हणून. व्हर्च्युअल वॉक म्हणजे दुसरे काय आहे? तेच झापड, फक्त आतल्या बाजूने निसर्गदृश्य छापलेले.

यावर जावईबापूंचे म्हणणे, "पण बाबा, वाट तर खरीच आहे ना?" वाट खरी आहे, यात शंका नाही. मी ती ओळखली. २०१९ साली लेकीकडे गेलो होतो तेव्हा याच वाटेने आम्ही किंडर स्काउट नावाच्या पठारावर गेलो होतो. हेफील्ड गावातून निघायचे, तळ्याच्या कडेने जायचे आणि एका ओढ्याच्या घळीतून वर चढायचे. किंडरची उंची ६३६ मीटर. समुद्रसपाटीपासून मोजली तर आमची वेताळ टेकडी त्याहून उंच भरते. एवढे सांगितले नाही तर मी पुणेकर कसला? फितीत तिथे लख्ख ऊन आहे. आम्ही गेलो तेव्हा आडवा पाऊस होता. माझा डावा बूट काळ्या चिखलात घोट्याच्या वर रुतला, जावईबापूंनी मला ओढले, मी आलो आणि बूट राहिला. एका अनोळखी बाईने थर्मासमधला चहा दिला. त्यात साखर नव्हती आणि असा चहा मी जन्मात प्यालेलो नाही. ती वाट माझ्या पायाला अजून आठवते. एकवीस दिवस पाहिलेली वाट डोळ्यांनाही आठवत नाही.

त्याच वाटेच्या पायथ्याशी, एका जुन्या खाणीपाशी, एक पाटी आहे. लेकीने ती मला वाचून दाखवली होती. हे सगळे रान पूर्वी बड्या लोकांच्या मालकीचे. ते तिथे पक्ष्यांची शिकार करत आणि सामान्य माणसाला पाऊल टाकायची बंदी होती. खाली मँचेस्टरच्या गिरण्यांचा धूर आणि वर मोकळी हवा, पण ती हवा ड्यूकसाहेबांच्या मालकीची! २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण कामगार या खाणीशी जमले आणि उघड उघड बंदी मोडून वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा अवघा वीस वर्षांचा पोरगा. राखणदारांशी झटापट झाली आणि पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. गुन्हा काय? टेकडीवर चालायला निघाले. आपल्याकडे दांडीला मूठभर मिठासाठी चालून दोन वर्षे झाली होती, आणि ज्यांच्या राज्याविरुद्ध आपण चाललो त्यांच्या घरची पोरे मूठभर हवेसाठी चालली. १९४९ साली तिकडे राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा आला, २००० साली माळरानावर मोकळे हिंडायचा हक्क आला. पोरे तुरुंगात गेली म्हणून आज ती वाट आहे.

आता ही गंमत पाहा. एका शतकात माणसांना जागच्या जागी चालायची शिक्षा होती. पुढच्या शतकात माणसांना टेकडीवर चालले म्हणून शिक्षा झाली. आणि आमच्या शतकात त्याच टेकडीचे चित्र त्याच चाकासमोर टांगून आम्ही हप्त्याने विकत घेतो! रॉथमनला हे कुणी सांगितले असते तर त्याला वाटले असते, ड्यूक जिंकला.

गैरसमज नको. माझे भांडण पट्ट्याशी नाही. १९५२ साली सिॲटलमध्ये डॉ. ब्रूस आणि क्विंटन नावाच्या इंजिनियरने हृदय तपासायला असाच पट्टा वापरला, आणि माझ्या डागडुजी केलेल्या हृदयाची परीक्षाही त्याच्यावरच झाली. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना दिसत नाही, ज्यांच्या दारात संध्याकाळी बाईमाणसाला एकटे बाहेर पडायची सोय नाही, मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ज्यांची साखर वाढते, त्यांनी पट्ट्यावर जरूर चालावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुणी डोंगर दाखवला तर दाखवणाऱ्याचे भले होवो. औषध म्हणून पट्टा, करमणूक म्हणून फीत, दोन्ही मान्य. पण धडधाकट माणसाने पट्ट्यावर फीत लावून 'मी फिरून आलो' म्हणू नये. आपल्या भाषेत वाट पाहणे आणि वाट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट पाहणारा घरात असतो.

आणि घरात बसून नुसती वाट पाहिली की बाहेर वाटेची वाट लागते. २०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या या टेकडीवरून रस्ता आणि खालून बोगदे काढायच्या बेताविरुद्ध पुणेकरांनी मोर्चा काढला होता. मी गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मोर्च्यात गेलो आणि पाहतो तर काय, सगळे ओळखीचे! सकाळी सहाचे, साडेसहाचे, मोरांना दाणे टाकणारे, वेताळबाबाला नमस्कार करून वळणारे आणि माकडटोपी. ज्यांचे पाय रोज तिथे लागतात त्यांनाच कळले, की पायाखालून काय जाते आहे. ट्रेडमिलवाल्यांनी उद्या मोर्चा काढायचा ठरवला, तर तो निघेल कुठून आणि पोचेल कुठे?

हे सगळे विचार मी पट्ट्यावर करत होतो आणि कृती शून्य. बाविसाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात माकडटोपी! नाव ठाऊक नाही, पत्ता ठाऊक नाही. "'ते टेकडीवर छातीत दुखलेले चष्मेवाले कुठं राहतात?' असं तीन सोसायट्यांच्या वॉचमनना विचारत आलो," ते म्हणाले. "म्हटलं, दोन महिने झाले, बघून तरी यावं. चाल कशी आहे आता?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेले. चाल दाखवायला पट्ट्यावर चढलो, इंग्लंड सुरू केले. ते हाताची घडी घालून पाहत राहिले. सतराव्या मिनिटाला म्हातारा आला आणि म्हणाला, "मॉर्निंग."

"हे कोण? ओळखीचे?"

"रोज भेटतात."

"मग थांबले नाहीत ते?"

मी काही बोललो नाही. त्यांनी जाऊन खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला केला. टीव्हीवर तिरीप आली आणि इंग्लंड दिसेनासे झाले. खिडकीत टेकडी होती. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि आमची पायवाट लाल रेघेसारखी वर गेली होती. मी तिच्याकडे नीट पाहिले, तर खालच्या वळणावर दोन्ही बाजूंचे गवत आत सरकल्यासारखे वाटले. दोन महिन्यांत! एक माणूस गेला नाही तर एवढा फरक पडतो का? पडत नसेल. पण मला वाटले.

हिने चहा आणला. माकडटोपी निवृत्त वकील निघाले. एकोणीस वर्षांत हेही मला ठाऊक नव्हते. मी त्यांना किंडरची गोष्ट सांगितली आणि लेकीकडून ऐकलेला इंग्लंडचा एक कायदा सांगितला. १९८० च्या तिथल्या हमरस्ता कायद्याप्रमाणे लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे उघडपणे, अडवणूक न होता चालत राहिले, तर जमीनमालकाने ती लोकांना दिली असे मानले जाते. म्हणजे वाट कागदावर नाही, पायांनी मिळते.

"त्यात नवल काय?" ते म्हणाले. "आपल्याकडेसुद्धा आहे. वहिवाट! १८८२ चा इझमेंट ॲक्ट. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं बिनाखंड, उघडपणे गेलात की वाटेचा हक्क मिळतो."

मी ताठ बसलो. "माझी एकोणीस झाली. म्हणजे एकच वर्ष राहिलं!"

"जमीन सरकारी असेल तर तीस," माकडटोपी चहाचा घोट घेत म्हणाले. वकील निवृत्त झाला तरी पक्षकाराला एकदम आनंदात ठेवत नाही. "आणि हक्क खाजगी माणसाचा, त्यात शंभर भानगडी. कोर्टात टिकेल असं मी म्हणत नाही. पण खंड पडू देऊ नका एवढं मात्र खरं. दोन महिने आजारपणात गेले, ते चालतील. पुढं नको."

तेव्हा माझा हिशेब असा आहे. तीसमधून एकोणीस गेले, राहिले अकरा. सध्या मी अडुसष्ट वर्षांचा. म्हणजे एकोणऐंशीपर्यंत रोज चढायला हवे. लेकीला तसे कळवले आहे. जावईबापूंचा मान म्हणून यंत्र ठेवले आहे, भर पावसात त्यावर चालेन. पण पडदा उघडा ठेवून. मोबाइल खिशात, गोळी जिभेखाली ठेवायच्या तयारीत आणि माकडटोपी बरोबर, अशा तीन अटींवर घरच्यांनी परवानगी दिली आहे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना सरळ विचारले, "अकरा वर्षं निघतील का हो?"

त्यांनी कागदावरून मान वर केली. "चाललात तर निघतील," म्हणाले, आणि बिल दिले.